‘काही लागलं तर सांग’च्या पुढे

मित्राच्या घरात कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे किंवा पक्षाघात असे काही उद्भवले की पहिले दोन-चार दिवस त्या घरातला फोन सारखा वाजत असतो. जवळजवळ प्रत्येक बोलणे एकाच वाक्यावर येऊन थांबते: ‘काही लागलं तर सांग, संकोच करू नकोस.’ म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. खरोखर सांगितले तर तो धावूनही जाईल. पण सांगणारा सांगत नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि वनेसा बोन्स हे मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षे याच कोड्यावर काम करत आले आहेत. त्यांच्या प्रयोगांतून दोन गोष्टी पुढे आल्या. मदत मागणाऱ्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी अधिक लोक प्रत्यक्षात ‘हो’ म्हणतात. आणि उलट बाजूने, मदत करू शकणारा माणूस असे गृहीत धरून चालतो की गरज असेल तर समोरचा विचारेलच. मागताना जो संकोच होतो, त्याची त्याला कल्पना येत नाही. म्हणजे दोघेही एकमेकांची वाट बघत थांबतात. आपल्याकडे तर ‘कुणापुढे हात पसरायचा नाही’ हे लहानपणापासून शिकवलेले असते. वर त्या घरातल्या माणसाला नेमके काय लागणार आहे हे त्यालाच अजून कळलेले नसते, मग तो सांगणार काय? म्हणून माझे म्हणणे असे की गंभीर आजारात मित्राने मागणीची वाट पाहू नये. पहिल्या आठवड्यातच एखादे ठरावीक काम, शक्यतो कागदपत्रांचे, आपणहून अंगावर घ्यावे आणि उपचार संपेपर्यंत ते सोडू नये. पैसा लागतोच. पण मित्राचा पैसा जिथे पुरत नाही तिथे मित्राचा वेळ आणि डोके पुरते, आणि हे दोन्ही योग्य वेळी मिळाले तर पुष्कळदा पैशाची गरजच निम्मी होते.

हे पटण्यासाठी आजारपणात घर नेमके कसे खचते ते पाहायला हवे. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तरी शंभरातले चाळीस रुपये अजून घरातूनच जातात, आणि ते सगळ्या घरांतून सारखे जात नाहीत. ज्या घरात मोठा आजार शिरतो तिथून ते एकदम जातात. अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश, शिवाय केनिया, युगांडा, पेरू अशा ठिकाणच्या हजारो कुटुंबांचा मागोवा घेतला आणि २०१० मध्ये त्यावर ‘वन इलनेस अवे’ हे पुस्तक लिहिले. बरी चाललेली घरे गरिबीत का ढकलली जातात, या प्रश्नाला ठिकठिकाणी सर्वांत जास्त वेळा मिळालेले उत्तर आजारपण आणि त्याचा खर्च हेच होते. त्यांचे आणखी एक निरीक्षण माझ्या मते अधिक कामाचे आहे. घर सहसा एका घावाने पडत नाही, एकामागून एक आलेल्या लहान-मोठ्या घावांच्या साखळीने पडते. डिपॉझिटसाठी मुदतठेव मोडली, मग सोने गहाण पडले, कमावत्या माणसाची भरपगारी रजा संपली, सोबत बसणाऱ्या बायकोचे शिवणकाम बंद झाले, घराचा हप्ता चुकला, मग तीन टक्के महिना व्याजाने कुणाकडून तरी रक्कम उचलली. यातली प्रत्येक कडी जुळण्याआधी थोडा अवकाश असतो. तो सहसा दिवसांचा असतो, कधी तासांचा. त्या अवकाशात डोके थंड असलेले कुणीतरी जवळ असणे यालाच मी मदत म्हणतो.

नातेवाईक आणि मित्र मिळून हा भार पेलत आलेच आहेत, असे कुणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. पॉल गर्टलर आणि जोनाथन ग्रुबर या अर्थशास्त्रज्ञांनी इंडोनेशियातील कुटुंबांचा अभ्यास करून २००२ मध्ये हेच तपासले होते. आजार सौम्य असेल, हिंडणे-फिरणे चालू असेल, तर कुटुंबे आपल्या बळावर आणि गोतावळ्याच्या आधारावर त्याचा धक्का जवळजवळ पूर्ण पचवतात. पण माणूस अंथरुणाला खिळला की हीच कुटुंबे नुकसानीचा निम्म्याहूनही कमी भाग भरून काढू शकतात. हातउसन्याची, भिशीची, पतसंस्थेच्या कर्जाची आपली जुनी व्यवस्था लहान अडचणीसाठी उत्तम आहे. मोठ्या आजारात ती सगळ्यांकडून एकेकदा घेऊन संपते. मित्रमंडळ मोठे असले तरी ते साधारण त्याच उत्पन्नगटातले असते. वीस जणांनी पाच-पाच हजार काढले तर एक लाख होतात, आणि अतिदक्षता विभागात ते किती दिवस पुरतात हे ज्यांनी बिल पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. तेच वीस मित्र मिळून पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचा हक्क मिळवून देऊ शकतात. त्यासाठी त्यांच्यापैकी एकाला तीन दिवसांची रजा काढावी लागते, एवढेच.

हा हक्क कुठे असतो? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पहिली जागा महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि नंतर आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै २०२४ पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पांढरे कार्ड असलेल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांना आजही वाटते की ही योजना आपल्यासाठी नाही, आणि ती घरे चौकशीच करत नाहीत. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी टेबल मांडून बसलेला असतो, आणि १५५३८८ या क्रमांकावर कोणते रुग्णालय, कोणता उपचार योजनेत बसतो ते विचारता येते. विचारायचे ते दाखल होण्याआधी. योजना रोकडविरहित आहे. जे पैसे आपण आधीच काउंटरवर भरले ते नंतर तिच्यातून वसूल करता येत नाहीत. घाबरलेले घर मात्र आधी पैसे भरते आणि मग चौकशी करते.

दुसरी जागा धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार, ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या आणि सवलती घेणाऱ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे त्यांना बंधनकारक आहे. मुंबई-पुण्यातली काही अतिशय नावाजलेली, आलिशान दिसणारी रुग्णालये या यादीत आहेत. बाहेरून बघणाऱ्याला ती धर्मादाय आहेत अशी शंकाही येत नाही. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार अशी वाढवण्यात आली आहे, आणि ड्रायव्हर, शिंप्याचे दुकान चालवणारा, छोट्या कारखान्यातला कामगार अशी बरीच मंडळी तिच्यात बसतात. पण यासाठी लागतो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि तो एका दिवसात निघत नाही. इथेच मित्राचे काम सुरू होते. रुग्णाजवळ बसलेला मुलगा सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहू शकत नाही.

तिसरी जागा नोकरीशी जोडलेली. ज्यांचा पगार एकवीस हजारांपर्यंत आहे आणि ज्यांची कर्मचारी राज्य विमा योजनेत वर्गणी जाते, त्यांना साध्या आजारात वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कर्करोग, क्षय, पक्षाघात यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. दोन वर्षे घरात पगाराचा मोठा भाग येत राहिला तर वर सांगितलेल्या साखळीतल्या किती कड्या गळून पडतील याचा विचार करा. भविष्य निर्वाह निधीतूनही आजारासाठी आगाऊ रक्कम काढता येते, आणि महिन्याला तीन टक्क्यांनी पैसे उचलण्याआधी तिचा विचार व्हायला हवा. चौथी जागा मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीची. त्यातली रक्कम रुग्णाच्या हातात न पडता रुग्णालयाच्या खात्यात जाते, आणि म्हणून अर्ज उपचार चालू असतानाच करावा लागतो. घरी परतल्यावर बिले घेऊन गेलेल्या माणसाला तिथून रिकाम्या हाताने यावे लागते.

या सगळ्याला एक फाइल लागते. तिच्यात केसपेपर, बायोप्सीचा अहवाल, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक, रुग्णाचे आधारकार्ड, शिधापत्रिकेच्या पुढच्या-मागच्या पानांच्या प्रती, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि आजपर्यंतची सगळी बिले तारखेनुसार. ऐकायला सोपे वाटते. पण अर्ज अडतो तो याच ठिकाणी. आधारवर ‘सुनिता’ आणि शिधापत्रिकेवर ‘सुनीता’ असते. लग्नाला सहा वर्षे झाली तरी सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावरच असते. अंदाजपत्रकावर शिक्का असतो पण सही नसते. अशी एक वेलांटी दुरुस्त करायला दोन खेटे पडतात, आणि ज्या माणसाची आई आत व्हेंटिलेटरवर आहे त्याला तेवढे त्राण नसते. सरकारी आणि मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतो. कोणत्या ट्रस्टकडे कुठल्या आजारासाठी अर्ज चालतो हे त्याला ठाऊक असते. त्याला भेटायला जायचे ते ही फाइल घेऊन, एकदा नीट तयारीने. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून देशभरातून माणसे येत आहेत. तिथे उपचाराइतकाच कठीण प्रश्न राहण्याचा असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड यांची दारे उघडी असतात, पण जागा आधी विचारून ठेवावी लागते. जळगावहून आई-वडील मुलाला घेऊन रेल्वेत बसण्याआधी मुंबईतल्या मित्राने एवढे एक काम केले तरी ते कुटुंब पदपथावर येत नाही.

खाजगी विमा असलेल्या घरात वेगळा सापळा असतो. समजा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार आहे आणि घाईत दहा हजारांची खोली घेतली. अनेकांना वाटते की फरकाचे पाच हजार आपण भरू. तसे होत नाही. अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क यांतूनही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी, कपात होते, आणि डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांना लाखांचा धक्का बसतो. खोली निवडण्यापूर्वी पॉलिसीचे ते एक पान वाचणारा मित्र तेवढे लाख वाचवतो, आणि त्यासाठी त्याला स्वतःच्या खिशात हात घालावा लागत नाही. दावा चुकीच्या कारणाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल, हा मार्गही आहे. लोकपालाची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. थकलेले घर मात्र पहिल्याच नकाराला शेवटचा मानून गप्प बसते.

आता सरळ आक्षेप असा येईल की हे सगळे ठीक, पण आज संध्याकाळी औषधांचे अठरा हजार कुठून आणायचे? हा आक्षेप खोटा नाही. योजना उशिरा मंजूर होतात, काही औषधे त्यांत बसत नाहीत, आणि प्रवास, डबा, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी यांना कोणतीच योजना हात लावत नाही. म्हणूनच मित्रांचा पैसा मोठ्या बिलात ओतण्यापेक्षा या फटी बुजवायला वापरावा असे मला ठामपणे वाटते. मुलीची सहामाही फी, घराचा एक हप्ता, वीजबिल, किराणा: या रकमा लहान असतात, पण याच वेळेवर न भरल्याने पुढची कर्जे उभी राहतात. देताना हे उसने आहे की देणगी, ते त्याच क्षणी स्पष्ट बोलावे. ‘होईल तेव्हा दे’ म्हणून दिलेले पैसे घेणाऱ्याच्या मनावर कर्जासारखेच बसतात. आणि वर्गणी काढली तर एका वहीत हिशेब ठेवून तो त्या कुटुंबाच्याच हाती द्यावा. आयकर कायद्याच्या लेखी मित्र हा नातेवाईक नाही. वर्षभरात बिगरनातेवाइकांकडून पन्नास हजारांहून अधिक रक्कम भेट म्हणून आली तर ती करपात्र ठरू शकते. हेही त्या वहीमागचे एक कारण आहे.

इंटरनेटवरून निधी उभारण्याचा मार्ग आता गावोगावी पोचला आहे, आणि त्यातून काही जीव वाचलेही आहेत. पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेतल्या अशा दोनशे आवाहनांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की सुमारे दहातली नऊ आवाहने आपल्या उद्दिष्टापर्यंत पोचलीच नाहीत. ज्यांची ओळखपाळख मोठी, ज्यांना आपली व्यथा नेटक्या शब्दांत मांडता येते, त्यांचे पारडे तिथेही जड असते. शिवाय नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो एकदा बाहेर गेला की तो परत घेता येत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला विचारल्याशिवाय हे करण्याचा अधिकार मित्राला नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

वेळेबद्दलही थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मित्रांची माया आणि आजार यांची वेळापत्रके जुळत नाहीत. मायेला पहिल्या पंधरवड्यात पूर येतो. आजार मात्र लांबत जातो. स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपीच्या सहा-आठ फेऱ्या, दर तीन आठवड्यांनी एक, त्यानंतर पुष्कळदा किरणोपचार, आणि कित्येकींना पुढे पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ गोळ्या. डायलिसिस तर आठवड्यातून दोन-तीनदा, आणि प्रत्यारोपण झाले नाही तर आयुष्यभर. पहिल्या आठवड्यात दवाखान्यात इतकी गर्दी होते की रुग्णाला विश्रांती मिळत नाही, आणि पाचव्या फेरीला रिक्षा आणायलाही कुणी नसते. रक्ताचे उदाहरण घ्या. रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. पन्नास मित्रांनी एकाच रविवारी रक्तपेढीत जाऊन काहीच साधत नाही. त्यांच्या नावांची, रक्तगटांची आणि ‘कोणत्या आठवड्यात कोण’ याची यादी करून ती रक्तपेढीशी बोलून चालवणारा एक माणूस लागतो. डब्यांचे, रात्री थांबण्याचे, मुलांना शाळेतून आणण्याचेही तसेच. मंगळवार-शुक्रवार डायलिसिसला नेणे माझ्याकडे, असे एका वाक्यात सांगणारा मित्र त्या घराला मागण्याच्या संकोचातून मोकळे करतो.

याला विरोध करणारे म्हणतील की ही ढवळाढवळ झाली. दुसऱ्याच्या घरातली कागदपत्रे, उत्पन्न, कर्ज आपण का बघायचे? ही भीती रास्त आहे, आणि तिचे उत्तर मदतीच्या रीतीत आहे. उपचार कोणता घ्यायचा, कुठे घ्यायचा, किती पुढे जायचे, हे ठरवणे त्या कुटुंबाचे. मित्राने अमुक काढा, तमुक बाबा, ‘माझ्या मावसभावाला याच गोळीने गुण आला’ हे सांगणे म्हणजे मदत नाही. उपचार लांबवणारा असा सल्ला जिवावर बेतू शकतो. कामे मात्र वाटून घेता येतात. ‘मी तुझी कागदपत्रे बघू का?’ यापेक्षा ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज मी उद्या भरतो, मला फक्त आधारची प्रत पाठव’ असे बोलले की समोरच्याची लाज राखली जाते, आणि नको असेल तर ‘नको’ म्हणायलाही त्याला जागा राहते. जे कळले ते गटात पसरवायचे नाही, हे तर आलेच. कोणाकडे किती कर्ज आहे ही माहिती एकदा चारचौघांत गेली की त्या घरातली माणसे फोन घेणेच बंद करतात.

सर्वांत वजनदार आक्षेप मी शेवटी घेतो. आरोग्य ही शासनाची जबाबदारी असताना मित्रांनी अर्ज लिहीत फिरावे का? आणि ज्याला लिहिता-वाचता येणारे, रजा मिळू शकणारे मित्रच नाहीत, त्या ऊसतोड कामगाराने काय करावे? पहिल्या प्रश्नाबद्दल माझ्या मनात संदेह नाही: व्यवस्था अशी असायला हवी की रुग्णाला ओळखीचा आधार लागूच नये. पण ती तशी होईपर्यंत आज दाखल झालेला माणूस थांबू शकत नाही, आणि हक्काचा अर्ज भरून तो मंजूर करून घेणे म्हणजे शासनाला त्या जबाबदारीतून सोडणे नाही. तो त्या जबाबदारीचा तगादा आहे. दुसरा प्रश्न अधिक टोचतो. मित्रांवर टेकलेली मदत मित्र असणाऱ्यांनाच मिळते, आणि मैत्री आपल्याकडे जात, वस्ती, शाळा यांच्या कुंपणातच बहुधा होते. म्हणून एकदा ज्याने ही वाट तुडवली आहे त्याच्याजवळचे ज्ञान एका घरापुरते राहू नये. कोणत्या रुग्णालयाने मोफत खाटा रिकाम्या असूनही ‘नाहीत’ म्हटले, कुठे डिपॉझिटसाठी अडवले, याची लेखी तक्रार धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात गेली पाहिजे, कारण तक्रारीची नोंदच नसेल तर देखरेख करणाऱ्याला सगळे आलबेल दिसते. आणि प्रत्येक रुग्णालयात पुरेसे समाजसेवा अधीक्षक नेमा, धर्मादाय खाटांचा फलक नोंदणीच्या खिडकीवरच, मराठीत, रोजच्या रोज भरून लावा, ही मागणी आपापल्या आमदारांकडे, नगरसेवकांकडे लावून धरण्याचे काम फाइल घेऊन त्या खिडक्यांपुढे उभ्या राहिलेल्या मित्रांइतके नेमकेपणाने दुसरे कुणी करू शकणार नाही.